बागेतली कुमुदं: मोबाइल की मोठी लेन्स?

सोलापुरातली भाची विचारत होती, “मामा, बागेतल्या हौदातली कुमुदं टिपायला मोबाइल पुरेल, की कॅमेऱ्याची दूरचं जवळ दाखवणारी ७०-३०० मिमीची लेन्स भाड्यानं आणू?”

खर्चात मोबाइलच बरा. काठालगतचं फूल त्यात छान येतं. मधलं डिजिटल झूमनं ओढलंस की पाकळ्यांचा लगदा. खरी डोकेदुखी पाण्यावरच्या चकाकीची. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून फिरवलास की ती बरीच उतरते, पानांचा हिरवा रंग उठतो. मात्र उजेडही एक-दोन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर जागा बदलत राहायची. सोलापूरच्या उन्हात हेही कष्टच! रात्री फुलणाऱ्या जाती ऊन चढलं की मिटतात, तेव्हा दोन्हींसाठी सकाळी लवकरच जा.

स्टेटसपुरतं हवं असेल तर मोबाइल. भिंतीवर मोठी प्रिंट लावायची असेल तर लेन्स आण, पोलरायझरसकट.