दुबईत सावजी हॉटेल काढायला निघालो आणि १६,१२,५०० रुपये गमावले

आकडा पूर्ण लिहितोय, कारण आम्हाला फसवणारा माणूस नागपुरातच आहे आणि अजून गिऱ्हाईकं शोधतोय. दुबईच्या करामा भागात सावजीचं हॉटेल काढायचं होतं, भागीदार आम्ही दोघे. परवाने, दुकान, व्हिसा सगळं करून देतो म्हणत त्याने घेतलेले पैसे असे: ट्रेड नेम आणि प्राथमिक मंजुरीचे १,३५,०००, 'लायसन्स'चे ४,२७,५००, दुकानाचं डिपॉझिट ८,१०,००० आणि दोन आचाऱ्यांच्या व्हिसाचे २,४०,०००. पहिल्या दोन रकमा त्याच्या इथल्या फर्मच्या चालू खात्यात भरल्या. उरलेले १०,५०,००० नागपूरच्या इतवारीत रोख मोजून दिले.

रोख का दिले, असं जो तो विचारतो. तो म्हणाला, "भाऊ, बँकेतून पाठवाल तर वीस टक्के टीसीएस कापते." असा कर आहे हे खरंच होतं, म्हणून पटलं. पण तो एका माणसाने एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तरच लागतो, तोही फक्त वरच्या रकमेवर, आणि रिटर्न भरताना वळता होतो. आम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून निम्मे निम्मे पाठवले असते तर प्रत्येकी ८,०६,२५० झाले असते. एक रुपयाही कापला नसता! उलट रोख दिल्यामुळे प्रकरण हवाला व्यवहारात गेलं, आणि फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करायला माणूस आधी स्वतःच घाबरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परदेशातल्या स्वतःच्या कंपनीत पैसे घालायचे तर २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेत फॉर्म एफसी भरा, यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्या, मगच रक्कम पाठवा. हे टाळायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

'लायसन्स' म्हणून हातात आला तो कागद इनिशियल अप्रूव्हलचा होता. धंद्याला हरकत नाही, पुढच्या परवानग्या घ्या, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर गॅस पेटवता येत नाही. खरा क्रम असा: नाव, प्राथमिक मंजुरी, मग दुकानाचा करार आणि त्याची इजारी (दुबईतली भाडेकराराची सरकारी) नोंदणी, मग दुबई म्युनिसिपालिटीच्या अन्नसुरक्षा विभागाकडून किचनचा नकाशा पास करून घेणे. त्यात हात धुण्याचं वेगळं बेसिन, एक्झॉस्ट, ग्रीस ट्रॅप सगळं पाहतात. त्यानंतर सिव्हिल डिफेन्सची (अग्निसुरक्षेची) मंजुरी, काम पूर्ण झाल्यावर तपासणी, आणि शेवटी ट्रेड लायसन्स. अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला एक जबाबदार माणूसही हॉटेलात हवाच. आम्हाला इजारी नंबर कधी मिळालाच नाही. नोंदणी नसलेल्या करारावर डिपॉझिट देऊ नका. दलालाचं रेरा कार्ड (दुबईच्या मालमत्ता नियामकाचं ओळखपत्र) बघा, त्याचा नंबर दुबई रेस्ट ॲपवर तपासता येतो. स्वस्तात मिळणाऱ्या नुसत्या फ्री झोन लायसन्सवर शहरात रस्त्यावरचं हॉटेल उघडता येत नाही. आणि ५१ टक्के स्थानिक भागीदार हवाच, असं सांगून कोणी वेगळे पैसे मागितले तर लक्षात ठेवा, २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के मालकी परदेशी माणसाला ठेवता येते.

पण या सगळ्याच्या आधी एक क्षण होता, आणि तो मला सोडत नाही. तो म्हणाला, "मसाला इथूनच न्या, वीस किलो, बॅगेत घाला." सावजी मसाल्यात खसखस असते, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. विमानतळावर सापडली तर अंमली पदार्थाचं प्रकरण होतं. तिथे एक दिवस जरी किचन चालवलेला माणूस ही गोष्ट विसरूच शकत नाही. आम्हाला बंदी माहीत होती! त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं, मग खसखस काढून टाका." आणि आम्ही पुढच्या आठवड्यात ८,१०,००० मोजले. त्याने तीन दुकानांचे फोटो दाखवले होते, म्हणून विश्वास बसला. कोणाचाही बसला असता.

आचाऱ्यांना व्हिजिट व्हिसावर न्यायचं म्हणत होता. असं कामाला ठेवणाऱ्या मालकाला आता एक लाख दिरहमपासून दहा लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय दहावी न झालेल्या आचाऱ्याचा पासपोर्ट ईसीआर (इमिग्रेशनची मंजुरी लागणारा) असतो, त्याला इमिग्रेशन क्लिअरन्सशिवाय अमिरातीत नोकरीला जाता येत नाही.

तक्रारीची कथा तर आणखी संतापजनक. पहिल्या ठाण्यात म्हणाले, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, गुन्हा दुबईत झाला. अहो, पैसे इतवारीत मोजले, खातं नागपूरचं, बोलणी धरमपेठेत झाली, मग दुबईत काय झालं? तिसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा अर्ज घेतला, 'आवक'चा शिक्का मारला, आणि "रोख कुठून आणली?" हा प्रश्न आम्हालाच चार वेळा विचारला. सात आठवडे झाले, त्याला एक फोनसुद्धा गेलेला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर गुन्हा बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३१८(४) चा, म्हणजे फसवणुकीचा आहे हे अर्जात लिहा. नोंदवून घेत नसतील तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ऑनलाइन पैसे भरले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, म्हणजे खातं गोठवायची संधी राहते. आम्ही अकराव्या दिवशी केला. तोवर त्याच्या खात्यात ४,३१० रुपये शिल्लक होते.