जुनी मराठी गाणी: रेकॉर्ड घ्यावी की कॅसेट?

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात, तर भावगीतांच्या रेकॉर्ड आणि कॅसेट एकाच पथारीवर शेजारी शेजारी दिसतात. हौस आहे, पण घरात जागा एकाच यंत्राची, अशांसाठी हे लिहितो. मी दोन्ही वापरून पाहिलं. गेली सहा वर्षं घरात रेकॉर्ड प्लेअर आहे.

आधी कॅसेटबद्दल, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली आणि पुढे रेकॉर्डिंगचं बटण घराघरात ऐकणाऱ्याच्याच हाती आलं. त्यामुळे जे कधी तबकडीवर आलंच नाही, तेही कॅसेटवर सापडतं. गणेशोत्सवात चौकात रंगलेला कार्यक्रम, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली गाणी, मध्येच निवेदकाचा आवाज. माझ्याकडच्या एका कॅसेटवर गाणं संपता संपता आई स्वयंपाकघरातून ‘कुकर बंद कर रे’ म्हणते. ती कॅसेट मी कुणालाही देणार नाही.

मग रेकॉर्डकडे का वळलो? पट्टीमुळे.

मला गाणी ऐकता ऐकता पेटीवर बसवायची सवय आहे. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडला की टेप हळू चालते आणि गाणं उतरतं. वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलला की गाणं एक अख्खी पट्टी सरकतं, ते एक वेळ चालेल. पण तीन टक्क्यांनी बदलला, तर ते दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतं. माझ्याकडे नेमकं हेच व्हायचं. काळी एक दाबली तर गाणं वर, पांढरी दोन दाबली तर खाली. पट्टा नवा घातला. मोटारच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून वेग जुळवला. एक कॅसेट जुळली की दुसरी बिघडायची, कारण घरी भरलेली प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या वेगाने भरलेली. एका संध्याकाळी चार कॅसेटसाठी चार वेळा स्क्रू फिरवला आणि पेटीचा भाता लावून उठलो.

माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या ताटाच्या कडेला ठिपके आहेत आणि शेजारी छोटा दिवा. वेग बरोबर असला की त्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. ते सरकायला लागले की बाजूचं बटण किंचित फिरवायचं. अर्थात तबकडीची पट्टीही डोळे झाकून खरी मानू नये. गायिका गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात रेकॉर्डसाठी गायलं, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं जुन्या तबकड्यांचा मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग काटेकोर नव्हता. पण ते बटण फिरवून तबकडी एकदा पेटीशी जुळली, की दर वेळी तशीच वाजते.

रेकॉर्डचे त्रास आहेतच. एलपीची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बाजू वीसेक मिनिटांत संपते, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची तर सुमारे तीन मिनिटांत. पण सुरुवातीचं भावगीत त्या तीन मिनिटांतच घडलं. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधलं नेटकं वाद्यसंगीत, सगळं तेवढ्यात बसवलेलं. त्यामुळे उठून तबकडी बदलायचा मला कंटाळा येत नाही. तुम्हाला कदाचित येईल. ७८ ला वेगळी, जाड सुई लागते, तो खर्च आधीच धरा. पुण्याच्या पावसाळ्यात एलपीवर बुरशी धरते, ती सौम्य साबणाच्या पाण्याने जाते. लाखेच्या ७८ ला मात्र स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते.

घरच्या माणसांचे आवाज असलेल्या कॅसेटचा खोका असेल, तर टेपरेकॉर्डरच घ्या, दुसरा विचार नको. गाण्यासोबत गाणार असाल, पेटी काढणार असाल, तर माझ्या मते रेकॉर्ड. घेताना तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून पाहा. कड लाटेसारखी वरखाली दिसली तर परत ठेवा. वाकलेल्या तबकडीवर सूर प्रत्येक फेरीला हेलकावतो, आणि तिथे ते बटणही काही करू शकत नाही.