घरी सुरी करताना पोलाद कोणतं: १०८४ की एईबी-एल?

पहिल्या सुरीसाठी पोलाद निवडताना बहुतेक जण कडकपणाचे आकडे बघतात. आधी बघायची ती आपली भट्टी: किती तापते आणि त्या तापमानाला किती वेळ स्थिर राहते. १०८४ हे साधं कार्बन पोलाद आणि एईबी-एल हे स्टेनलेस. दोन्हींना नीट पाणी दिलं (म्हणजे तापवून झटकन थंड करत कडक केलं) तर ६०-६१ रॉकवेलची (रॉकवेल हे कडकपणाचं माप) छान सुरी होते.

१०८४ मध्ये कार्बन साधारण ०.८४ टक्के. तो ८००-८१५ अंश सेल्सिअसला झटपट विरघळतो, म्हणून गॅसची छोटी भट्टी पुरते. सुमारे ७७० अंशांना पात्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. तिथून रंग किंचित उजळला की थांबा आणि तीन-चार मिनिटं सगळं पातं एकसारखं तापू द्या. रंग मंद उजेडातच नीट कळतो. जास्त तापलं तर पोलादातले कण मोठे होतात आणि पुढे धारेचे टवके उडतात.

म्हणायला ‘पाणी देणं’, पण इथे पाणी नको. पातळ पातं त्यात तडकतं. ५०-५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं चार लिटर कॅनोला तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात घ्या. कोमट तेल पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढतं. भट्टीतून थेट तेलात, वाटेत रेंगाळायचं नाही. पातं खालीवर हलवा. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होऊन वाकतं. भडका उडाला तर झाकण लावा. तेलात पाण्याचा थेंबही नसावा.

नंतर कानस लावून बघा, ती घसरली पाहिजे. कानस चावली तर लगेच निराश होऊ नका. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, त्यामुळे वरची साल मऊ असू शकते. थोडं खोल घासून पुन्हा तपासा. याच कारणासाठी पाणी देण्याआधी धार १ मिलिमीटर जाड ठेवायची. मग वेळ न घालवता २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवणं. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा.

एईबी-एलचं गणितच वेगळं. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असतं आणि बराच कार्बन क्रोमियमच्या कार्बाइडमध्ये (क्रोमियम आणि कार्बनच्या कडक संयुगात) अडकलेला असतो. तो सुटायला १०६५-१०८० अंश आणि दहा-पंधरा मिनिटं लागतात. गॅसच्या भट्टीत नजरेच्या अंदाजाने हे साधत नाही. कमी तापलं तर पातं मऊ राहतं आणि गंजरोधही घटतो. कंट्रोलर असलेली विजेची भट्टी हवीच. हवा लागू नये म्हणून पातं स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळायचं (फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे घाला). तेल मात्र लागत नाही: ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये पाकीट दाबून धरलं की पातं थंड होतं आणि बऱ्यापैकी सरळही राहतं. मग कोरड्या बर्फात किंवा निदान फ्रीजरमध्ये ठेवून १७५-२०० अंशांवर दोनदा टेम्परिंग. थंडीचा हा टप्पा टाळला तर न बदललेलं मऊ ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) उरतं आणि एखाददुसरा रॉकवेल हातचा जातो.

वापरात १०८४ वर काळसर डाग पडतात. आंबट पदार्थ कापून सुरी तशीच ठेवली तर गंजही चढतो, म्हणून लगेच पुसायची सवय हवी. घरातले सगळे ती पाळणार नसतील तर एईबी-एल घ्या, आणि भट्टी नसेल तर आकार कापून, मुठीची भोकं पाडून पाणी द्यायला बाहेर पाठवा. कडक झाल्यावर त्यात भोकं पडत नाहीत. सगळं स्वतः करायचं असेल तर १०८४च. १०९५ हे दुसरं कार्बन पोलाद आणखी कडक म्हणून त्याकडे वळू नका: मँगेनीज कमी असल्यामुळे त्याला फार वेगवान तेल लागतं आणि कॅनोलात ते अर्धवट कडक होऊ शकतं.

दोन्हींत शेवटची धार काढताना उघड्या हाताने धरा आणि वरचेवर पाण्यात बुडवा. चटका बसायच्या आत थांबलात तर टेम्पर शाबूत राहतो. कडेला निळी झाक आली तर तेवढा भाग मऊ झाला, तो घासूनच काढावा लागतो.