घरातल्या जुन्या रुपयाची ग्रेडिंग करावी का? करून पाहिल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या दारव्हा-दिग्रस भागात चांदीचे जुने रुपये बऱ्याच घरी निघतात. कोणाच्या आजीच्या गाठोड्यात, कोणाच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्बीत, तांड्यावर तर बायांच्या दागिन्यातच ओवलेले. आणि आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून सगळे एकच विचारून राहिले, "भाऊ, ग्रेडिंग करून घेतली त भाव वाढते का?" मी आमच्या घरातले काही रुपये एका डीलरमार्फत अमेरिकेतल्या कंपनीकडून ग्रेड करून आणले, त्यावरून सांगतो. काम एकदम चोख आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक नाण्यांना त्याची गरज नाही.

पैसे देऊन मिळतं काय ते आधी. या धंद्यात पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून) ही दोन मोठी नावं, दोन्ही अमेरिकन. नाणं खरं की खोटं ते तपासतात, १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि प्लास्टिकच्या पक्क्या डब्बीत सील करून परत पाठवतात, तिला स्लॅब म्हणतात, तिच्यावर नंबर असतो तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून कोणालाही तपासता येतो. १ ते ७० चं माप शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन एक सेंटच्या नाण्यांसाठी काढलं होतं, आता आपल्या रुपयालाही तेच लागतं. ६० पासून वर एमएस, म्हणजे चलनात फिरलंच नाही. ५० ते ५८ एयू, म्हणजे जरासं घासलेलं.

आमच्यातला सगळ्यात चांगला दिसणारा रुपया जॉर्ज सहाव्याचा, १९३८ चा. घरी सगळे म्हणत होते हा कोरा आहे. आला एयू ५८. स्लॅब हातात घेऊन दिव्याखाली हळूहळू फिरवला तेव्हा कळलं काहून ते: मोकळ्या जागेत चमक पंख्याच्या पात्यासारखी गोल फिरते, पण राजाच्या भुवईवर आणि मुकुटाच्या उंच भागावर येऊन ती थांबते, तिथं रंग किंचित मातकट आहे. एवढीशी घासण, पण ग्रेडरनं पकडली. दुसऱ्याला आकडाच मिळाला नाही, लेबलवर 'डिटेल्स, क्लीन्ड' असं आलं, म्हणजे नाणं खरं पण घासून साफ केलेलं. तो दरवर्षी दिवाळीला राखेनं घासून पूजेत ठेवायचे, आमच्याकडची जुनी रीतच ती. भिंगातून तिरपं पाहिलं की एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसतात. अशा नाण्याला गिऱ्हाईक हात आखडून भाव देतो, म्हणून घरातलं नाणं राख, चिंच, टूथपेस्ट, कशानंही घासू नका, काळं पडलं असलं तरी तसंच राहू द्या. दागिन्यातल्या रुपयाचंही तेच होते, कडी काढली तरी काठावर ती जोडल्याचा झाळकामाचा टाका राहतोच आणि तो लेबलवर लिहून येतो.

आता पैशाचं. फी, डीलरचं कमिशन, जाण्यायेण्याचा खर्च, विमा सगळं धरून एका नाण्यामागे काही हजार जातात आणि वाट पाहणं महिन्यांचं असते. डीलरकडून मधात काही निरोप नाही, फोन लावला की "येऊन राहिलं" एवढंच, हा भाग मला बिलकुल आवडला नाही. साध्या वर्षाचा रुपया स्लॅबमध्ये गेला म्हणून खर्च निघेल एवढा भाव वाढत नाही. त्याचा पाया चांदीच आहे: वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅमच्या जवळपास. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ती ५० टक्केच. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटते. घरी छोटा वजनकाटा अन् चुंबक घेऊन बसलं तरी अर्धा निकाल लागते.

मग कोणासाठी आहे हे? ज्या नाण्याची नकलच जास्त फिरते त्याच्यासाठी. १९३९ चा रुपया घ्या, तो दुर्मिळ, आणि ८ चा ९ करणारे कारागीर कमी नाहीत. असं नाणं विकायचं असेल तर सीलबंद डब्बीशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. दुसरं म्हणजे खरंच न फिरलेलं नाणं, जे लिलावात जाणार आहे, जिथं घेणारा फक्त फोटो पाहून बोली लावते. तिथं ५८ आणि ६४ मध्ये मोठा फरक पडते, तिथं फी वसूल होते.

पण एक गोष्ट डीलर बरेचदा सांगत नाहीत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षं झालेलं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, एडवर्डचा, १९११ चा 'डुकराचा' रुपया, यांना अमेरिकेची वाट बंद. (त्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, आक्षेप झाले, बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ ला सोंड नीट केली.) असं नाणं असेल तर देशातल्याच चांगल्या लिलाववाल्याला दाखवा. कोणी म्हणालं "पाठवून देतो, काही होत नाही", त्याच्या हाती नाणं देऊ नका.

आणि वावरात नांगरताना सापडलं असेल तर ग्रेडिंगचा विषयच नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागते. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता, कुंभ सातकर्णीसारखे राजे त्या नाण्यांवरून कळले. तो साठा सोनारानं वितळवला असता तर ती नावं गेलीच असती.

वैष्णोदेवीचं नाणं, ट्रॅक्टरवाली पाचची नोट, "लाखो रुपये मिळतील, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असे मेसेज आमच्या गावातही येऊन राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच याबद्दल इशारा दिला होता. खरी ग्रेडिंग कंपनी नाणं विकत घेत नाही, ती फक्त तपासते आणि परत पाठवते. जो ग्रेड पण देतो अन् घेतो पण, त्याला एक रुपयाही पाठवू नका.

घरी ठेवायचं असेल तर मऊ प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यातल्या पीव्हीसीनं नाण्यावर हिरवा चिकट थर चढते. कागदी चौकटीत पारदर्शक पडदा असलेले होल्डर मिळतात, नागपूरच्या नाणी प्रदर्शनात सहज भेटतात, स्लॅबच्या मानानं खर्च काहीच नाही. चौकटीवर वर्ष अन् वजन पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि नाणं धरताना काठावरूनच धरा.