पहिलं हाय पॉवर रॉकेट: पुठ्ठ्याचं किट घ्यावं की फायबरग्लासचं?

महिन्याभरात दोन जणांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. दोघंही आमच्या न्यू जर्सीतलेच, दोघांची एस्टेस कंपनीची छोटी रॉकेटं पार्कात उडवून झालीयेत, आणि आता दोघांनाही ते चार इंच जाडीचं, उभं केलं की आपल्या खांद्याला लागेल असं मोठं रॉकेट हवंय. पुठ्ठ्याचं घेऊ की फायबरग्लासचं एवढंच विचारायचंय. माझं उत्तर आधीच सांगतो, पुठ्ठ्याचं घ्या, आणि ३८ मिलिमीटरच्या मोटर माउंटचं (मोटर बसवायची आतली नळी) घ्या. आता ते का, आणि कुणी माझं ऐकू नये, तेही सांगतो.

आधी हाय पॉवर म्हणजे काय ते थोडक्यात. मोटरला ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि दर अक्षराला ताकदीची वरची मर्यादा दुप्पट होते. पार्कातली सी मोटर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंदांची (म्हणजे मोटरचा जोर गुणिले ती जळते तेवढे सेकंद), एच सुरू होते १६० च्या पुढे आणि ३२० पर्यंत जाते, आय ६४० पर्यंत. एच आणि आय उडवायला लेव्हल १ चं सर्टिफिकेट लागतं, ते एनएआर नाहीतर ट्रिपोली या रॉकेटवाल्यांच्या दोन संस्थांपैकी एकीकडून मिळतं (दोन्ही एकमेकांचं मानतात, त्यामुळे जवळचा क्लब ज्यांचा असेल ते घ्या, त्यावर डोकं खाजवत बसू नका). लेव्हल १ ला लेखी परीक्षा नाही. स्वतः बांधलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरवर उडवायचं, पॅराशूट उघडून ते नीट खाली आलं पाहिजे आणि परत उडवता येईल अशा अवस्थेत हातात आलं पाहिजे, बस. किती उंच गेलं हे कुणी विचारत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवलीत तर किट निवडणं निम्मं सोपं होतं.

आता वजन, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. चार इंची पुठ्ठ्याचं किट, प्लायवूडच्या फिन (शेपटाकडचे पंख), प्लास्टिकचा नोज कोन (टोकदार नाक), मोटर आणि पॅराशूट धरून उडताना साधारण पावणेदोन-दोन किलोच्या आत बसतं. तेवढ्याच जाडीचं फायबरग्लासचं साडेतीन-चार किलो सहज होतं. आणि क्लबात नियम असा पाळतात की मोटरचा सरासरी थ्रस्ट, म्हणजे ढकलायचा जोर, रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट हवा, नाहीतर रेल (रॉकेट सरळ वर जावं म्हणून लावलेली उभी पट्टी) सोडताना पुरेसा वेग येत नाही आणि वाऱ्याने रॉकेट तिरकं जातं. मोटरच्या नावातला आकडा म्हणजेच सरासरी थ्रस्ट, न्यूटनमध्ये. एरोटेक कंपनीची एच१३५ घेतली तर १३५ न्यूटन. १.८ किलोच्या पुठ्ठ्याच्या रॉकेटला पाचपट म्हणजे ८८ न्यूटन लागतात, मोटर आरामात उचलते. चार किलोच्या फायबरग्लासला १९६ लागतात, तिथे एच१३५ म्हणजे साडेतीनपट सुद्धा नाही, रेंज सेफ्टी ऑफिसर (उडवण्याआधी रॉकेट तपासणारा क्लबचा माणूस) टेबलावरच परत पाठवेल. म्हणजे मग दणकट आय मोटर घ्यायला लागते, खर्च वाढतो, उंची वाढते, आणि पहिल्याच फ्लाइटला हे सगळं अंगावर येतं.

यावर लोक म्हणतात की मग बारीक फायबरग्लास घेऊ, सव्वादोन इंची, ते हलकं असतं. असतं ना. पण ते बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे आय मोटरवर इतकं वर जातं की नुसत्या डोळ्यांना दिसेनासं होतं. माझं असंच एक मक्याच्या शेतात गेलं, मका डोक्याच्या वर, तीन तास मी आणि माझा मुलगा ओळीओळीने फिरत होतो, संध्याकाळी अंग नुसतं ओरबाडलेलं आणि हातात काही नाही. रॉकेट ठणठणीत असणार याची मला आजही खात्री आहे. फायबरग्लासला काय धाड भरतीये. फक्त ते माझ्याकडे नाहीये, आणि जे हातात नाही त्यावर सर्टिफिकेटची सही मिळत नाही.

हिशोब करून बघा. पॅराशूटवर रॉकेट साधारण सेकंदाला २० फूट उतरतं. १२०० फुटांवरून यायला एक मिनिट, ३००० फुटांवरून अडीच मिनिटं. ताशी १० मैलाचा वारा म्हणजे सेकंदाला जवळपास १५ फूट. तर १२०० फुटांवालं ९०० फूट वाहत जातं, ३००० वालं सव्वादोन हजार फूट. आमच्याकडच्या लोकांचं ठिकाण म्हणजे मेरीलँडमधलं प्राईस गाव, तिथलं हिग्स डेअरी फार्म. शेतजमीन, म्हणजे माती मऊ, पण कडेला झाडी. तिथे कमी उंचीचं, जाड, संथ जाणारं, डोळ्यांना शेवटपर्यंत दिसणारं पुठ्ठ्याचं रॉकेट म्हणजे सोन्याहून पिवळं. मऊ मातीत पडलं तर फिनही सहसा तुटत नाही.

तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर मात्र गणित थोडं बदलतं. लुसर्न व्हॅलीचा कोरडा तलाव, किंवा नेवाडाचं ब्लॅक रॉक वाळवंट, तिथे मैलोन्मैल काही नाही, लांब पडलेलं रॉकेट सुद्धा दिसतं, पण जमीन फरशीसारखी टणक. तिथे पुठ्ठ्याच्या रॉकेटची फिन आपटून तडकते हे मी स्वतः पाहिलंय. तिकडचा माणूस फायबरग्लास म्हणाला तर मी वाद घालणार नाही, त्याला फक्त वजनाचा वरचा परिच्छेद परत वाचायला सांगेन.

बांधायचं म्हणाल तर दोन्हीचा अनुभव अगदीच वेगळा. पुठ्ठ्याचं किट जेवणाच्या टेबलावर होतं (बायकोची परवानगी गृहीत धरलीये). सुरी, सॅंडपेपर, चांगला वूड ग्लू, आणि मोटर माउंटच्या भागात इपॉक्सी, एवढ्यावर भागतं. फिन ट्यूबच्या खाचेतून आत जाऊन मोटर ट्यूबला टेकते, आत-बाहेर दोन्हीकडे जोडाला फिलेट (कोपऱ्यात गोंदाची गोलसर भर) द्यायची, दोन-तीन वीकेंडात काम संपतं. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर निम्मं काम तोच करेल. नवीन माणूस एकच चूक हमखास करतो, भीतीपोटी मागच्या बाजूला इपॉक्सी थापत सुटतो. मग शेपूट जड होतं, गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो हवेच्या दाबाच्या केंद्राच्या पुढे निदान एक व्यास, म्हणजे इथे चार इंच, हवा असतो. मग नाकात वजन भरा, मग मोटर मोठी घ्या, हे चक्र सुरू. ओपनरॉकेट नावाचं रॉकेटचं उड्डाण आधीच आजमावून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बांधून झाल्यावरचं खरं वजन घाला, किटच्या खोक्यावर छापलेलं नको.

फायबरग्लासला टेबल विसरा. प्रत्येक जोडाला इपॉक्सी, आणि इपॉक्सी धरायची तर आधी पृष्ठभाग घासून खरबरीत करायला लागतो, त्या धुळीने अंगाला खाजकुयली लागल्यासारखं होतं, नाकात तर जाऊच द्यायची नाही. मास्क, हातमोजे, शक्यतो पाणी लावून घासायचं, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. जानेवारीत थंड गराजमध्ये इपॉक्सी सेट होत नाही हे वेगळंच. पण एकदा झालं की झालं, ट्यूबवर पुठ्ठ्यासारख्या गोल गोल रेघा नसतात त्यामुळे पेंट आरशासारखा बसतो. दिसायला फायबरग्लासच भारी, हे मान्यच करायला पाहिजे.

मोडतोडीचं बोलू. पुठ्ठ्याचा खरा शत्रू म्हणजे झिपर. पॅराशूट बाहेर फेकणारा चार्ज लवकर किंवा उशिरा उडाला, की रॉकेट अजून वेगात असतं, शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग आणि पॅराशूट जोडणारी दोरी) ताणली जाते आणि ट्यूबची कड सुरीने चिरल्यासारखी फाडत खाली येते. फायबरग्लासला हे जवळजवळ होत नाही. पण यावर उपाय ट्यूब बदलणं हा नाहीये, डिले, म्हणजे मोटर जळून संपल्यापासून तो चार्ज उडेपर्यंतचा वेळ, बरोबर ठेवणं हा आहे. एकदा वापरून टाकायच्या डीएमएस मोटरमध्ये साधारणपणे १४ सेकंदांचा लांब डिले येतो आणि आपण सिम्युलेशन बघून एका छोट्या टूलने दोन-दोन सेकंदांच्या हिशोबाने तो कमी करायचा. हे काम पहिल्यांदा क्लबातल्या अनुभवी माणसाला शेजारी उभं करून करा, लोक आनंदाने दाखवतात. आणि झिपर झालाच तर पुठ्ठ्याची ट्यूब तेवढी कापून, आत कपलर (दोन ट्यूब जोडणारी आतली नळी) घालून नवीन तुकडा जोडता येतो, शनिवारी फाटलेलं पुढच्या शनिवारी तयार.

दुसरी बाजू कुणी बोलत नाही. पॅराशूट उघडलंच नाही तर? दोन किलोचं पुठ्ठ्याचं रॉकेट जमिनीत घुसून चुरगळतं, जीव हळहळतो, संपलं. चार किलोचं फायबरग्लास भाल्यासारखं येतं. दोन्ही धोकादायकच, दोन्ही वेळेला लोक ओरडतात आणि सगळे वर बघतात, पण दुसऱ्या वेळेला माझ्या पोटात जो गोळा आला तसा पहिल्या वेळेला आला नव्हता.

मोटरचं पटकन. डीएमएस घ्यायची की रीलोडवाली, म्हणजे केसिंग तेच ठेवून आत दर वेळी नवीन इंधन भरायची? वर्षाला दोन-तीनच फ्लाइट करणार असाल तर डीएमएस. जास्त करणार असाल तर ॲल्युमिनियमचं केसिंग एकदा घ्या, रीलोड स्वस्त पडतात, पण पहिल्या सर्टिफिकेशनच्या दिवशी ओ-रिंग आणि ग्रीस लावत बसायची हौस नको. ३८ चं माउंट म्हणतोय कारण ॲडॅप्टर लावून त्यातच २९ ची मोटरही बसते, उलटं होत नाही. मोटर कुरिअरने मागवली तर धोकादायक मालाची वेगळी फी लागते, म्हणून मैदानावर येणाऱ्या विक्रेत्याला आधी सांगून ठेवा. आणि हो, पुण्यातल्या भाच्यासाठी एक सेट न्यायचा विचार असेल तर सोडा, मोटर विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनलाही नाही.

पैशाचं म्हणाल तर चार इंची पुठ्ठ्याचं किट शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास पडतं, फायबरग्लास त्याच्या दुप्पट धरून चाला, शिवाय इपॉक्सीचे डबे. वाचलेल्या पैशात मी जॉली लॉजिकचं चूट रिलीज घेईन. ते गुंडाळलेल्या पॅराशूटवर रबरबँडने बसतं आणि ठरवलेल्या उंचीवर, १०० ते १००० फुटांमध्ये, सोडून देतं. म्हणजे रॉकेट वरून भराभर खाली येतं आणि शेवटच्या तीन-चारशे फुटांवर पॅराशूट फुलतं, चालायचं अंतर एकदम कमी. वरचा मक्याचा किस्सा हे घ्यायच्या आधीचा आहे.

घाई करू नये असं वाटत असेल तर मधली पायरी आहे, एचच्या एक अक्षर खालची ‘जी’ (G) मोटर. सरासरी थ्रस्ट ८० न्यूटनच्या आत, १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन नाही आणि उडतानाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत असेल तर सर्टिफिकेट लागत नाही. मुलगा १८ च्या खाली असेल तर पूर्ण सर्टिफिकेट त्याला मिळणार नाही, पण एनएआरमध्ये १४ ते १७ वाल्यांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली ज्युनिअर कार्यक्रम आहे, तो विचारा. १५०० ग्रॅमच्या वर गेलात की एफएएची (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) परवानगी लागते आणि ती क्लबच काढून ठेवतो, त्यामुळे हे रॉकेट घराजवळच्या पार्कात उडवायचा विचारही नको, दिवाळीच्या रॉकेटसारखं बाटलीत लावून पळायचा हा प्रकार नाही. इथे रेलपासून शंभर फूट लांब उभं राहून वायरने पेटवतात, आणि वारा २० मैलाच्या वर गेला की सगळं बंद.

तर फायबरग्लास कुणी घ्यावं? ज्याचं लेव्हल १ झालंय, ज्याला आयच्या वरच्या ‘जे’ (J) मोटरचं, दोन पॅराशूटचं आणि अल्टिमीटरचं (उंची मोजणारं यंत्र) खूळ लागलंय त्याने. पुठ्ठा तिथे अपुरा पडायला लागतो आणि तेच वजन तिथे कामाला येतं. मला विचारणाऱ्या त्या दोघांपैकी एकाने तर विचारायच्या आधीच चार इंची फायबरग्लासचं किट मागवून ठेवलंय, तेव्हा त्याच्यासाठी: परत करू नको, खोकं गराजमध्ये ठेवून दे, लेव्हल २ ला लागेलच, त्याची लेखी परीक्षा आहे, प्रश्नसंच आधीच वाचायला मिळतो. फायबरग्लासला गराजमध्ये काही होत नाही. नवीन पुठ्ठ्याचं मात्र बेसमेंटच्या ओलीत ठेवू नकोस, ट्यूब वाकते.