टिळकवाडीतील मराठी संविधान वर्ग : ‘विधिमंडळाचे अधिकार’ या सत्राविषयी अभिप्राय

बेळगावात स्पर्धा परीक्षांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. परंतु राज्यघटना मराठीतून, आणि तीही परीक्षेच्या गुणांपलीकडे पाहून शिकवणारा वर्ग विरळाच. टिळकवाडीत रविवारी सायंकाळी भरणाऱ्या अशा एका वर्गाचे विधिमंडळावरील सत्र मी नुकतेच पूर्ण केले. शिकवणारे सर निवृत्त वकील आहेत. विधिमंडळाला अधिकार घटनेने दिले असल्यामुळे ते कुठे थांबतात हेही घटनेलाच विचारावे लागते, हे सूत्र त्यांनी पहिल्या तासापासून शेवटपर्यंत सोडले नाही.

या सत्राचा सर्वांत सकस भाग राज्यांच्या सीमा बदलण्याविषयीच्या अनुच्छेद ३ वरचा. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने बेळगावच्या आणि महाराष्ट्र विधिमंडळाने नागपूरच्या अधिवेशनात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, सीमाप्रश्नावर परस्परविरोधी ठराव एकमताने संमत केले होते. त्या दोन्ही बातम्यांची कात्रणे सरांनी फळ्यावर शेजारी शेजारी लावली आणि यांपैकी कोणत्या ठरावाने सीमारेषा हलते, असे विचारले. आमच्यापैकी बहुतेकांचे या ठरावांविषयीचे मत ठाम होते, पण या प्रश्नाचे उत्तर चटकन कोणालाही देता आले नाही. उत्तर असे की एकाही ठरावाने हलत नाही, कारण राज्याच्या सीमा बदलण्याचा कायदा फक्त संसद करू शकते. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते. ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवण्यासाठी पाठवावे लागते. आणि १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीनंतर ते मत राष्ट्रपतींनी ठरवून दिलेल्या मुदतीतच द्यावे लागते. मत काहीही असले तरी ते संसदेवर बंधनकारक नाही. शिवाय अनुच्छेद ४ नुसार असा कायदा घटनादुरुस्ती मानला जात नाही, त्यामुळे साधे बहुमत पुरेसे ठरते.

इथे सरांनी बाबूलाल पराते खटला घेतला आणि तो घाई न करता उलगडून सांगितला. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या मूळ विधेयकात मुंबई राज्याचे तीन भाग सुचवले होते. मुंबई विधिमंडळाने मत दिले ते त्या प्रस्तावावर. पुढे संसदेने तो बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे पाठवायला हवा होता, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळला. याच कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आपल्याकडे दरवर्षी काळा दिवस पाळला जातो, निषेध फेऱ्या निघतात. पण ज्या घटनात्मक अधिकाराने हे घडले, त्याची इतकी नेमकी मांडणी मी यापूर्वी ऐकली नव्हती. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली (राज्यांमधील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद) सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याविषयीही सर बोलले, मात्र निकालाचे भाकीत करण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले, आणि ते मला योग्य वाटले.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधावरून आपण अनेकदा जातो. २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या इमारतीत अधिवेशन भरू शकते ते अनुच्छेद १७४ मुळे, कारण राज्यपालांनी सभागृह बोलवायचे ते त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या स्थळी, असे तिथे म्हटले आहे. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत मात्र सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. याला जोडूनच अनुच्छेद २१० आला. राज्य विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला यांपैकी कोणत्याही भाषेत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. ही परवानगी आहे, हक्क नव्हे. मराठी आमदार निवडून पाठवणाऱ्या मतदारांनी हा फरक ध्यानात घेतलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दहाव्या अनुसूचीवरचा, म्हणजे पक्षांतरबंदीवरचा तासही उत्तम झाला. २०१९ मध्ये अपात्र ठरलेल्या कर्नाटकाच्या सतरा आमदारांत अथणी, कागवाड आणि गोकाकचे आमदार होते, त्यामुळे उदाहरण घरचेच मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता कायम ठेवली, परंतु विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास अध्यक्षांनी केलेली मनाई रद्द केली. अध्यक्षांचा अधिकार मोठा असला तरी घटनेने न दिलेली शिक्षा त्यांना सुनावता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

उणिवाही सांगायला हव्यात. आर्थिक अधिकारांचा भाग अक्षरशः उरकण्यात आला. विनियोजन अधिनियमाशिवाय, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्याशिवाय, राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही, आणि विधान परिषदेला धन विधेयक चौदा दिवसांत परत पाठवावेच लागते, एवढे सांगून सर पुढे गेले. खानापूरकडचे रस्ते असोत की मराठी शाळांच्या इमारतींची दुरुस्ती, आमदाराची खरी कसोटी अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेतच लागते. त्यासाठी एक स्वतंत्र तास हवाच होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत (ज्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात) गेला, हे सांगितले गेले. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयीचा अनुच्छेद ३५०क मात्र निसटता आला. वाटलेल्या टिपणांच्या छायाप्रती इतक्या पुसट होत्या की अनुच्छेदांचे क्रमांक शेजारच्याला विचारून घ्यावे लागत.

पदवीचे विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि सीमाप्रश्नावर बोलणारे कार्यकर्ते यांना मी या सत्राची शिफारस निःसंकोच करेन. केवळ वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव हवा असेल, तर मात्र इथे तो मिळणार नाही. वर्ग संपायला उशीर होत असल्याने निपाणी आणि खानापूरहून येणाऱ्यांची परतीच्या बससाठी धावपळ होते, तेव्हा आयोजकांनी पुढची तुकडी दुपारी घ्यावी. नाव नोंदवणाऱ्यांनी अनुच्छेद १६८ ते २१२ एकदा तरी वाचूनच यावे, कारण ते आपल्याला ठाऊक आहेत असे धरूनच सर बोलायला सुरुवात करतात.