लाकडी प्रेस, सिलिका जेल आणि रेझिन: बरेच महिने फुलं वाळवल्यावर काय टिकलं, काय नाही

फुलं वाळवायचा सेट मिळतो ना, लाकडी प्रेस, सिलिका जेलचा डबा आणि सोबत रेझिनच्या, म्हणजे मिसळून ओतल्यावर काचेसारख्या कडक होणाऱ्या द्रवाच्या दोन बाटल्या, तो वापरायला लागून आता बरेच महिने झालेत. असल्या गोष्टींचे रिव्ह्यू लोक बॉक्स उघडल्याच्या आठवड्यातच लिहून टाकतात आणि त्या आठवड्यात सगळंच भारी दिसतं, कारण फूल अजून धड वाळलेलंही नसतं. खरा प्रकार नंतर सुरू होतो, लालचा काळपट होतो, पांढऱ्याचा चहाच्या डागासारखा रंग होतो, डब्यातून काढलेला टणक गुलाब दोन दिवसांत मान टाकतो. म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय. आधीच सांगते, प्रेस रोज वापरते, जेल आता सोडवत नाही, आणि रेझिनबद्दल मत जरा वाईट आहे.

आधी प्रेस. रचना एकदम साधी, दोन फळ्या, चार कोपऱ्यांत बोल्ट, वरून विंग नट, आणि मधे पुठ्ठा, टीपकागद, फुलं, टीपकागद, पुठ्ठा असे थरावर थर. बघायची गोष्ट एकच, फळीची जाडी. फळी पातळ असली की कोपरे आवळल्यावर ती मधोमध फुगते, मग कडेची फुलं चपटी होतात आणि मधली सुरकुततात, कारण दाब तिथे पोचतच नाही. नक्षी, कोरीव नाव, चामड्याचा पट्टा या सगळ्याला शून्य मार्क. जाड प्लायच्या दोन साध्या फळ्या आणि चार बोल्ट आणले तरी हेच काम होतं, सेटमधल्या प्रेसचे पैसे दिसण्याचेच जास्त आहेत.

काम करतो तो कागद. फुलातलं पाणी कुठेतरी जायला हवं ना, ते कागदात जातं, आणि ओला कागद तसाच ठेवला की फूल त्याच पाण्यात मुरत बसतं, मग बुरशी नाहीतर तपकिरी रंग. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलायचा, पुढे एक-दोन दिवसांआड. सेटच्या माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात एका ओळीत उरकलंय आणि बोल्ट कसा फिरवायचा याला मात्र अर्धं पान! ओले कागद पंख्याखाली वाळवून पुन्हा वापरता येतात, दोन संच फिरते ठेवले की झालं. किचन टिश्यू वापरू नका, त्याच्यावरचे उठावाचे ठिपके पाकळीवर जसेच्या तसे उमटतात. नालीदार पुठ्ठाही फुलाला थेट लागू देऊ नका, रेघा पडतात, पण थरांच्या मधे तोच पुठ्ठा चांगला, त्याच्या नळ्यांतून हवा खेळते. आणि नट रोज जरासा आवळायचा, कारण फूल वाळताना आक्रसतं आणि दाब आपोआप सुटतो. नाजूक फुलांना साधारण दोन आठवडे, जाड असेल तर चारपर्यंत. काढायच्या आधी फूल गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे, परत आत.

कुठलं फूल प्रेसला चांगलं, तर जे आधीच पातळ आहे ते. पॅन्झी, कॉसमॉस, व्हर्बिना, नेचे, आणि माझी सगळ्यात लाडकी बोगनवेल. बोगनवेलीचा रंगीत भाग मुळात पाकळी नाहीच, ती रंगीत पानं आहेत, मधलं बारीक पांढुरकं नळीसारखं असतं ते खरं फूल. ती पानं झाडावरच कागदासारखी असतात, त्यामुळे पाणी कमी, वाळतात पटकन, आणि रंग बघत राहावा असा राहतो. झेंडू, गुलाब, शेवंती अख्खी दाबायला जाऊ नका, मधला गड्डा जाड आणि कडा पातळ, मग कडेवर दाबच येत नाही. पाकळ्या सुट्या करून वेगवेगळ्या दाबायच्या आणि नंतर कागदावर चिकटवत फूल परत बांधायचं, वेळखाऊ आहे खरं, पण संध्याकाळ कशी जाते कळत नाही. तोडायची वेळही महत्त्वाची, दव पूर्ण उडाल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आधी, आणि फूल नुकतं उमललेलं हवं. उतरायला लागलेलं फूल प्रेसमध्ये घालून ताजं होत नाही, ते तिथे आणखी उतरतं.

आता रंगाचं, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते आणि दोष प्रेसला दिला जातो. पिवळा-केशरी बहुतेक कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा असतो, तो वाळताना फारसा हलत नाही, झेंडूच्या पाकळ्या म्हणूनच महिनोन्महिने पिवळ्या दिसतात. लाल, जांभळा, निळा हे बऱ्याच फुलांत अँथोसायनिनचे. हे रंगद्रव्य पेशीतल्या आंबटपणावर रंग बदलतं आणि पाणी उडालं की घट्टही होतं, म्हणून लालभडक गुलाब वाळल्यावर काळपट मरून रंगाचा होतो आणि हलका गुलाबी छान गडद गुलाबी होतो. म्हणजे लाल हवा असेल तर गुलाबी फूल वाळवा, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान वाटतं. बोगनवेल, गोम्फ्रेना, कोंबडा या फुलांमध्ये अँथोसायनिन नसतंच, बेटालेन नावाची वेगळी रंगद्रव्यं असतात. पांढऱ्या फुलांना तर लपायला जागाच नाही. पाकळीवर नख दाबलं की तिथे तपकिरी डाग पडतो बघा, तो एन्झाइमचा खेळ असतो, पेशी फुटली आणि आतला माल हवेला लागला की तपकिरी. वाळायला जितका उशीर, तितका त्या एन्झाइमला वेळ मिळतो. पांढरं फूल म्हणून झटपट वाळवायचं किंवा सरळ मलईचा रंग आवडतो म्हणायचं.

झटपट वाळवायचं तर सिलिका जेल. नाव जेल असलं तरी हे कोरडे दाणे असतात, वाळूसारखे, आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्यांतही हेच असतं. वॉल्टर पॅट्रिक या केमिस्टने १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं. दाण्याच्या आत इतकी बारीक भोकं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सात-आठशे चौरस मीटरपर्यंत भरू शकतो, आणि दमट हवेत तो आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी ओढून घेतो. फुलांसाठी बारीक दाण्याचं घ्या. पुड्यांमधले मोठे गोल मणी पाकळीवर खळगे पाडतात, आणि मण्यांच्या मधे ज्या फटी राहतात तिथे पाकळीला आधारच नसतो.

पद्धत अशी की हवाबंद डब्यात दोन बोटं जेल पसरायचं, फूल तोंड वर करून ठेवायचं, मग चमच्याने कडेने सोडत जायचं, वरून ओतायचं नाही, नाहीतर पाकळ्या मिटतात. गुलाबासारखं असेल तर पाकळ्यांच्या मधेही थोडं थोडं शिरलं पाहिजे. पूर्ण बुडलं की झाकण, आणि झाकणावर तारीख, ही तारीख मात्र लिहाच. पातळ फुलं दोन-तीन दिवसांत होतात, गुलाब पाच-सात दिवस घेतो. जास्त ठेवलं तर इतकं कोरडं होतं की हात लावला की पाकळी तुटते. तारेचा देठ लावायचा असेल तर वाळवायच्या आधीच फुलाच्या बुडात तार खोचायची, नंतर ते लाकडासारखं होतं आणि तार घालायला गेलं की फुटतं. शेवटी मऊ ब्रशने धूळ झाडायची. रिझल्ट काय विचारू नका, डेलफिनियमचा निळा तर जवळजवळ तसाच राहतो, फुलाचा आकार राहतो, प्रेसमध्ये हे शक्यच नाही.

पण पुढचं कोणी सांगत नाही. जेलमध्ये वाळलेलं फूल हवेतली ओल परत पिऊ लागतं. कोरड्या हवेत उघडं ठेवलं तर चालतं, पावसाळी हवेत मात्र दोनेक दिवसांत पाकळ्या नरम आणि मग फूल खाली झुकतं. त्यामुळे ही फुलं काचेच्या बंद घुमटात किंवा खोल फ्रेममध्येच ठेवायची, आणि तळाशी शेवाळाखाली जेलची छोटी पुडी लपवायची. माझी टिकली ती सगळी बंदच आहेत. उघड्या फुलदाणीत ठेवायचं असेल तर त्यासाठी स्टॅटिस, हेलिक्रायसम, गोम्फ्रेना यांच्या जुड्या उलट्या टांगून अंधाऱ्या, हवेशीर जागी वाळवलेल्या बऱ्या, त्यांना ना जेल लागतं ना लाड.

जेल पुन्हापुन्हा वापरता येतं, पैसे इथे वसूल होतात. रंग बदलणारे दाणे मिसळलेले असतील तर कळतंही, निळे असतील तर ओल धरली की गुलाबी होतात. ओव्हनमध्ये पसरट ट्रेवर १२० डिग्रीच्या आसपास दोन-तीन तास ठेवलं की परत निळे. फक्त तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि युरोपात ते कर्करोगकारक पदार्थांमध्ये धरलं जातं, त्यामुळे मी नंतर नारिंगी दाण्यांचं घेतलं, आणि ट्रे, चमचा स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळा ठेवलाय. ओतताना धूळ उडते, घसा खवखवतो, मास्क लावा. गरम जेल लगेच फुलावर ओतू नका, बंद डब्यात पूर्ण गार होऊ द्या.

रेझिनकडे येते. कोस्टर, पेंडंट, बुकमार्क, व्हिडिओत बघून वाटतं दोन बाटल्या मिसळा, फूल टाका, संपलं. प्रत्यक्षात प्रमाण काटेकोर लागतं, १:१ आहे की २:१, वजनाने की मापाने, हे त्या त्या रेझिनवर अवलंबून, आणि जरा इकडेतिकडे झालं तर वस्तू कायमची चिकट राहते. जाड थर एकदम ओतला तर तापतो आणि त्या उष्णतेत फूल होरपळतं, म्हणून पातळ थरांत ओतायचं. फुलात किंचित ओल असली तर बुडबुडे आणि तपकिरी कडा, हे ओतताना दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतं. पातळ पाकळी रेझिन पिऊन पारदर्शक होते, पांढरी तर जवळपास गायबच. आणि एवढं करून खिडकीजवळचे तुकडे आता पिवळट दिसतायत, हे रेझिन एपॉक्सी प्रकारचं असतं आणि एपॉक्सीला अतिनील किरण मानवत नाहीत. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा दुसऱ्या बाटलीतला द्रव, हाताला लागत राहिला तर अॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सोबतच राहते, तेव्हा ग्लव्हज आणि उघड्या खिडक्या हव्याच. वस्तू छान दिसतात हे नाकारत नाही, पण भेट म्हणून देताना पुढे पिवळी पडेल हे सांगावंसं वाटतं, आणि ते सांगून भेट द्यायची म्हणजे अवघडच.

त्यापेक्षा सपाट फुलं जाड, आम्लरहित कागदावर चिकटवून काचेच्या फ्रेममध्ये घालणं मला जास्त आवडलं. पांढरा गोंद थोडा पाण्यात पातळ करून टोकदार काडीने तीन-चार ठिकाणी टेकवायचा, पूर्ण मागची बाजू माखली की पाकळी ओली होऊन कडा वळतात. उन्हासमोरची भिंत टाळा, कारण वाळवताना राखलेला रंगही शेवटी प्रकाशच खातो. लुका गिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात इटलीतल्या पिसा शहरात झाडं दाबून कागदावर चिकटवायला सुरुवात केली असं मानतात, आणि पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळवलेले नमुने आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत, अडीचशेहून जास्त वर्षांचे. ते टिकले ते कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. घरच्या भिंतीकडून तेवढी अपेक्षा नको, पण अतिनील किरण अडवणारी काच लावली तर फरक पडतो.

पानांसाठी ग्लिसरीन करून बघा, सेटमध्ये नसतं पण सोपंय. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, देठाचं टोक जरा ठेचून त्यात उभं करायचं, दोन-तीन आठवड्यांत पान ते शोषून घेतं आणि लवचीक राहतं. हिरवा रंग जातो, तपकिरी-ऑलिव्ह होतो. निलगिरीला हे शोभतं. मेणबत्तीला बाहेरून फुलं चिकटवायची फॅशन आहे ती मात्र मी सोडली, सुकं फूल ज्योतीजवळ आलं की पेट घेतं.

किड्यांबद्दल राहिलं. साठवलेल्या सुक्या फुलांवर भुंगेरे येतात, आधी कागदावर बारीक भुकटी दिसते आणि मग पाकळ्यांना भोकं. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, करतात तेच घरीही जमतं, कागदाच्या घड्या प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून उणे १८ ते उणे २० डिग्रीला आठवडाभर, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर वाफेचं पाणी थेट फुलांवर. बाहेरून आणलेली सुकी फुलं मी आता याच वाटेने घरात घेते, आणि मगच ती माझ्या डब्यांच्या शेजारी जातात.